पाण्याखालची पोस्त

फराळाचे डबे रिकामे व्हायच्या आतच आपल्या मंडळातल्या घराघरांत डिसेंबरच्या सुट्टीचे बेत सुरू होतात. पूर्वी हे बेत म्हणजे एक तर पुण्याला आजीकडे, नाहीतर डिस्ने. आता मुलं मोठी झाली. त्यांना कोझुमेल हवं असतं, हवाई हवं असतं, आणि भारतात गेलंच तर मालवण-तारकर्ली. या सगळ्या ठिकाणी हल्ली एक गोष्ट ठरलेली असते: पाठीला हवेची टाकी बांधून समुद्राखाली जायचं. मी हे वयाच्या एकावन्नाव्या वर्षी शिकलो, सध्या चौऱ्याहत्तरावं चालू आहे, आणि डॉक्टर सही करतात तोवर जात राहणार आहे. त्यामुळे दर वर्षी मंडळातले दोन-चार जण मला फोन करून विचारतात, ''काका, चांगला डाइव्ह गाइड ओळखायचा कसा?'' आणि मग आवाज जरा खाली आणून, ''आणि टिप किती द्यायची हो?''

माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच. आपण टिप कशासाठी देतो यावर आपल्याला कसा गाइड मिळणार हे ठरतं. आणि आपण, म्हणजे केवळ मराठी माणसंच नव्हे तर बोटीवरचे बहुतेक सगळेच, टिप चुकीच्या गोष्टीसाठी देतो. कासव दिसलं, वीस डॉलर. शार्क दिसला, चाळीस. काहीच दिसलं नाही, पाच. जणू तो गाइड समुद्राचा मालक आहे आणि मासे त्याच्या पगारावर आहेत.

गाइडचं खरं काम काय हे कळायला थोडं पदार्थविज्ञान लागतं. चाळीस वर्षं रसायन अभियांत्रिकी शिकवल्यावर ही सवय जात नाही, तेव्हा एक परिच्छेद सहन करा. पाण्यात 33 फूट खाली गेलं की दाब दुप्पट होतो, 66 फुटांवर तिप्पट. त्यामुळे 66 फुटांवर घेतलेल्या प्रत्येक श्वासात टाकीतली तिप्पट हवा खर्च होते. नवखा माणूस घाबरलेला किंवा भारावलेला असतो, भराभर श्वास घेतो, आणि ज्या टाकीवर गाइड तासभर आरामात राहील ती हा वीस-पंचवीस मिनिटांत संपवू शकतो. उलट वर येताना हीच हवा फुगते. 33 फुटांवर छातीभरून श्वास घेतला आणि तो रोखून धरून वर आलात, तर ती हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुसं ती देऊ शकत नाहीत. म्हणून शिकवताना पहिल्या दिवसापासून एकच घोकून घेतात: श्वास कधीही रोखायचा नाही. शिवाय दाबाखाली नायट्रोजन शरीरात विरघळत असतो. तो सावकाश बाहेर पडावा म्हणून हळूहळू वर यायचं, 15 फुटांवर तीन मिनिटं थांबायचं, आणि लागोपाठ डाइव्ह केले असतील तर विमानात बसण्याआधी निदान 18 तास जमिनीवर काढायचे. (शेवटच्या दिवशी सकाळी डाइव्ह आणि संध्याकाळी परतीचं विमान, असं आखलेलं वेळापत्रक मला दर वर्षी कुणी ना कुणी कौतुकाने दाखवतं. कृपा करून तसं करू नका.)

म्हणजे गाइडचं काम मासे दाखवणं हे दुय्यम आहे. मुख्य काम म्हणजे तुम्ही विसराल ते त्याने लक्षात ठेवणं. चांगल्या गाइडची ओळख मला पाण्यात उतरण्याआधीच पटते. तो बोटीवर तुमच्याशी बोलत असतो आणि त्याचे डोळे तुमच्या हातांकडे असतात. शेवटचा डाइव्ह कधी केला, असं तो सहज गप्पा मारल्यासारखं विचारतो. ''तीन वर्षांपूर्वी'' असं उत्तर आलं की काही न बोलता तो तुम्हाला आपल्या जवळच्या जोडीत टाकतो. टाकीचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आहे ना हे स्वतः बघतो. किती खोल, किती वेळ, प्रवाह कुठल्या दिशेचा, चुकामूक झाली तर एक मिनिट शोधायचं आणि मग वर यायचं, हे सगळं तो सांगतो, आणि जो फोनवर फोटो बघत बसला आहे त्याच्याकडून पुन्हा म्हणवून घेतो. पाण्याखाली तो सावकाश पोहतो. दर अर्ध्या मिनिटाला मागे वळून बघतो. तुमच्या बुडबुड्यांकडे बघून त्याला कळतं की तुमची हवा लवकर संपणार आहे, आणि 3000 पीएसआयने सुरू केलेल्या टाकीत निदान 500 शिल्लक ठेवून तो तुम्हाला बोटीवर आणतो.

वाईट गाइडही हसतमुख असतो, कधीकधी जास्तच. तो पुढे पुढे पोहत कासवाचा पाठलाग करतो, बिळातल्या ऑक्टोपसला काठीने डिवचून बाहेर काढतो, तुम्हाला फुगलेला पफरफिश हातात देतो. फोटो झकास येतात. मागे राहिलेल्या बाईंच्या मास्कमध्ये पाणी शिरलं आहे हे त्याला माहीतच नसतं.

आता या दोघांपैकी टिप कुणाला जास्त मिळते?

काही वर्षांपूर्वी फ्लोरिडा कीजमधल्या एका बोटीवर मी हे डोळ्यांनी पाहिलं. पहिला डाइव्ह ठीक झाला. दुसरा एका बुडालेल्या जहाजावर व्हायचा होता, आणि आमच्यातले निम्मे लोक त्या जहाजासाठीच आले होते. वारा वाढला, पाणी गढूळ झालं, प्रवाहाने जहाजाला बांधलेला दोर तिरका ओढला जात होता. गाइड मुलगी पंचवीस-सव्वीसची असेल. ती एकटी खाली जाऊन आली आणि म्हणाली, ''आज इथे नाही.'' बोट उथळ प्रवाळाकडे वळवली. लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली. महागड्या कॅमेऱ्याच्या एका गृहस्थांनी तिला ऐकू जाईल अशा आवाजात आपले किती डॉलर पाण्यात गेले याचा हिशेब मांडला. धक्क्यावर परतल्यावर टिपची बरणी फिरली. अकराजणांपैकी चौघांनी तिच्याकडे न बघताच ती पुढे सरकवली. त्या मुलीने त्या दिवशी कदाचित एखाद्याचा जीव वाचवला असेल. पण 'कदाचित'चे पैसे कोण देतं? जो अपघात झालाच नाही त्याचा फोटो निघत नाही.

मला हे ओळखीचं वाटलं, कारण विद्यापीठात मी हेच चाळीस वर्षं पाहिलं. सत्राच्या शेवटी विद्यार्थी प्राध्यापकांचं मूल्यमापन करतात. जो हसवतो आणि ए वाटतो त्याला पाचपैकी पाच. जो कच्चा पाया दाखवून देतो, पेपर परत लिहायला लावतो, त्याच्याविषयी 'अवाजवी अपेक्षा'. त्यातले काही विद्यार्थी दहा वर्षांनी आभाराची पत्रं पाठवतात. विभागप्रमुखांना मात्र त्या वर्षीचे आकडे दिसतात. निदान प्राध्यापकाला टेन्युअर असतं. गाइडचं तसं नाही. अनेक ठिकाणी तो फेरीमागे पैसे घेतो. बोट निघाली नाही तर त्या दिवसाची कमाई नाही, आणि बोट निघून गिऱ्हाईक नाराज झालं तरी कमाई अर्धीच. टिपवर जगणाऱ्या माणसाला 'नाही' म्हणायला पदरमोड करावी लागते, आणि आपली सुरक्षितता नेमकी त्याच्या 'नाही'वर अवलंबून असते. ही व्यवस्था कुणी मुद्दाम आखली असती तर आपण त्याला वेड्यात काढलं असतं.

ती आखली कुणी? अमेरिकेत टिप पहिल्यापासून होती असा आपला समज असतो. तसं नाही. यादवी युद्धानंतर पुलमन कंपनीने रेल्वेच्या शयनयानांत नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना हमाल-सेवक म्हणून घेतलं आणि अपुऱ्या पगाराची भर प्रवाशांच्या टिपवर सोपवली. तेव्हा अनेकांना ही चाल लोकशाहीला न शोभणारी वाटत होती. 1909 मध्ये वॉशिंग्टन राज्याने टिपवर चक्क कायद्याने बंदी घातली, आणखी काही राज्यांनी तेच केलं. 1926 पर्यंत हे सगळे कायदे रद्द झाले आणि टिप राहिली. टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्राचा किमान रोख पगार तासाला 2 डॉलर 13 सेंट आहे, आणि तो 1991 पासून एका सेंटनेही हललेला नाही. डाइव्ह गाइड त्यात बसतो की नाही हे राज्यावर आणि मालकावर अवलंबून. पण या देशात 'पगाराचं गिऱ्हाईक बघून घेईल' ही मनोवृत्ती तिथून आली.

म्हणून आपल्यातले ज्येष्ठ जेव्हा म्हणतात, ''पगार मालकाने द्यावा, मी का?'', तेव्हा तत्त्व म्हणून मला ते शंभर टक्के मान्य आहे. तत्त्व मान्य करून पाकीट खिशात ठेवणं मात्र मान्य नाही. मालकाला धडा शिकवायचा असेल तर मालकाला पत्र लिहा. गाइडच्या मुलाच्या दुधातून तो शिकवू नका.

आपल्या पिढीची अडचण मला कळते. 1970-80 च्या दशकात आपण इथे आलो तेव्हा प्रत्येक डॉलरचे मनातल्या मनात रुपये व्हायचे. टिप म्हणजे आपल्या कानाला 'बक्षिसी', आणि बक्षिसी म्हणजे साहेबाने खूश होऊन फेकलेलं नाणं. देताना संकोच, घेताना लाचारी. पण आपल्याकडे दुसरा एक शब्द आहे आणि तो या अंकात आठवायला हरकत नाही: दिवाळीची पोस्त. पोस्टमन, दूधवाला, इमारतीचा वॉचमन, जिना झाडणाऱ्या बाई. पोस्त देताना कुणी हिशेब केला नाही की या वर्षी पोस्टमनने वाईट बातमीची पत्रं जास्त आणली, तेव्हा दहा रुपये कापा. ती ठरलेली असायची. घरातली आई पाकिटं आधीच करून ठेवायची, आणि देताना लाडवांची पुडी बरोबर असायची. पोस्त म्हणजे गुणपत्रिका नव्हती. तुम्ही वर्षभर होता म्हणून आमचं घर चाललं, एवढंच तिचं म्हणणं.

माझी सूचना साधी आहे. गाइडची टिप ही पोस्त समजा. आकडा बोटीवर चढण्यापूर्वी ठरवा, पैसे पाकिटात घाला, आणि मग कासव दिसो वा न दिसो, जहाज दिसो वा न दिसो, त्यातून एक डॉलरही कमी करू नका. एकाच प्रसंगी आकडा बदला: गाइडने सुरक्षिततेसाठी डाइव्ह रद्द केला किंवा लवकर संपवला तर वाढवा. आणि ते त्याला ऐकू येईल असं सांगून वाढवा, शक्यतो मालकासमोर.

''मग निष्काळजी गाइडलाही द्यायची?'' हा प्रश्न येणारच. हो, आणि नंतर तोंड उघडायचं. कमी टिप हे फार मुकं हत्यार आहे. तुम्ही वीसऐवजी पाच दिलेत तर तो असं म्हणत नाही की 'अरे, मी मागे वळून बघितलं नाही वाटतं.' तो म्हणतो, 'ही माणसं चिक्कूच असतात', आणि पुढच्या वेळी आपल्यासारखं नाव आणि चेहरा दिसला की तुमच्यामागून येणाऱ्या जोशी-पाटलांना बोटीच्या कडेची जागा मिळते. त्याच्या निष्काळजीपणाची तक्रार शब्दांत करा: या वेळी, या खोलीवर, अमुक माणूस मागे राहिला आणि तुम्ही पाहिलं नाही. दुकानात मालकाला सांगा. गाइड ज्या प्रशिक्षण संस्थेचा असेल तिला लिहा. पाच डॉलर वाचवून गप्प बसणं ही तक्रार नव्हे.

आता गिऱ्हाइकाच्या बाजूचं, कारण चांगली सेवा घेणाऱ्यालाही काही नियम लागतात. बोटीवर चढण्याआधी वैद्यकीय प्रश्नांचा एक कागद भरायला देतात. वय 45 च्या वर आहे का, रक्तदाब, हृदय, दमा, मधुमेह. आपल्यातले किती काका त्यावर सरळ 'नाही, नाही, नाही' अशी रांग लावतात! खिशात रक्तदाबाची गोळी असते. 'हो' म्हटलं तर डॉक्टरची सही मागतील, पैसे बुडतील, नातवासमोर शोभा होईल, ही भीती. पण खोट्या कागदावर गाइडने तुमची काळजी घ्यायची कशी? सही निघण्यापूर्वीच घरच्या डॉक्टरकडून घेऊन ठेवा. शंका असेल तर डाइव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था 1980 पासून याच कामासाठी आहे. मीही दर वर्षी तपासणी करून घेतो. यात कमीपणा कसला?

कोझुमेलला जाणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. तिथल्या सागरी उद्यानात गाइडशिवाय डाइव्ह करता येत नाही, आणि त्याचं कारण प्रवाह. तुम्ही पोहत नाही, पाणी तुम्हाला भिंतीच्या कडेने वाहून नेतं आणि बोट वरून मागोमाग येते. खाली गाइड तुम्हाला कपारीतला पट्ट्यापट्ट्यांचा टोडफिश दाखवत असतो, तेव्हा वर बोटीचा कप्तान लाटांमधून तुमचे बुडबुडे शोधत असतो. तुमचा जीव त्याच्याही डोळ्यांत असतो आणि त्याचं नावही कुणी विचारत नाही. तेव्हा टिप देताना विचारा की ती सगळ्यांत वाटली जाते का. नसेल तर दोन पाकिटं करा. आणि पाठीमागच्या शेडमध्ये टाक्या भरणारा माणूस? कंप्रेसरची हवा घ्यायची नळी एखाद्या इंजिनच्या धुराजवळ आली तर टाकीत कार्बन मोनॉक्साइड जातो, आणि खोलवर दाबामुळे त्याचा त्रास वाढतो. ती नळी योग्य जागी ठेवणारा माणूस तुम्हाला कधीच दिसणार नाही. त्याचा वाटा विसरू नका.

इंग्रजी विभागातून इकडे डोकावणाऱ्या तरुण मंडळींना (किंवा आईकडून हे वाचून घेणाऱ्यांना) माझं वेगळं म्हणणं आहे. तुम्ही कॉफीच्या दुकानात स्क्रीन वळवली की न बघता वीस टक्के दाबता. छान. पण मालवणला गेलात की तुमच्यातला व्यापारी जागा होतो. ''भारतात टिप नसते'', ''सांगितलेल्या किमतीच्या निम्म्याने सुरू कर'', हे कुणीतरी तुम्हाला शिकवलेलं असतं. बहुधा आम्हीच.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जे डाइव्ह होतात त्यांत येणाऱ्या बहुसंख्य पर्यटकांना पोहताही येत नाही. गाइड तिथे नुसता वाटाड्या नसतो. तो तुमची टाकी धरून ठेवतो, तुमच्या जाकिटात हवा सोडतो, कानाला दडे बसले का हे खुणेने विचारतो, मास्क गळू लागला तर वर आणतो, आणि वर तुमचा व्हिडिओही काढतो. यातले कितीतरी मुलगे किनाऱ्यावरच्या मच्छीमार घरांतले आहेत. ते पाणी त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, तिथे रीतसर शिकलेले गाइडही आहेत. तेव्हा घासाघीस करण्याआधी चौकशी करा: तू कुठे शिकलास? एका माणसामागे किती पर्यटक? आंतरराष्ट्रीय नियमांत पहिल्याच अनुभवासाठी खोली 40 फुटांपर्यंत आणि एका प्रशिक्षकामागे फार तर चार माणसं. मालवणात बहुधा एकास एक मिळतो, ही चैन अमेरिकेत परवडणार नाही. किमतीत तुम्ही जे काही छाटता ते कुठून तरी जातं. मालकाच्या नफ्यातून ते क्वचितच जातं. ते पाण्यातल्या मिनिटांतून जातं, टाकीच्या तपासणीतून जातं, बोटीवर किती माणसं कोंबायची यातून जातं. 2022 च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा जीव गेला. पाण्याखाली नव्हे, किनाऱ्याकडे येताना. बोटीवर लाइफ जॅकेट मिळालं नाही किंवा माणसं जास्त वाटली, तर उतरा. पैसे परत मागायच्या भानगडीतही पडू नका.

राहिला आकड्याचा प्रश्न, ज्यासाठी तुम्ही इथवर वाचत आलात. अमेरिकेत आणि कोझुमेलला दर टाकीमागे 5 ते 10 डॉलर असा रिवाज आहे. मी दहा धरतो, म्हणजे दोन टाक्यांच्या सकाळीचे वीस. मुक्कामी बोटीवर आठवडा काढलात तर भाड्याच्या दहा ते पंधरा टक्के. मालवणात मी माणशी पाचशे रुपये देतो आणि बोटवाल्याला वेगळे दोनशे. शिकाऊ मुलगा बरोबर असेल तर त्यालाही काही. ऑस्ट्रेलियात टिपची पद्धत नाही. तिथे दुकानाला चार ओळींचं पत्र लिहावं आणि त्यात गाइडचं नाव असावं. पत्र खरं तर सगळीकडेच लिहावं.

नोटा कोरड्या पिशवीत ठेवा, आणि सुट्या ठेवा. मेक्सिकोत डॉलर चालतात, पण फाटक्या नोटा घेत नाहीत आणि अमेरिकन नाणी तर देऊच नका. ती कुठल्याही बँकेत बदलून मिळत नाहीत, गाइडच्या घरी डब्यात साठत राहतात. भारतात रोख नसेल तर मुलाला त्याच्या फोनवरचा चौकोन दाखवायला सांगा, आणि तुमच्या परदेशी कार्डावर ते जमत नसेल तर मालवणातल्या तुमच्या मावसभावाला तिथल्या तिथे फोन करा. तो पाठवेल. त्याचे पैसे त्याला आठवणीने परत करा.